वॉकर कोण होते? इंग्रजी आडनाव उलगडायला शिकताना

मुंबईच्या बेस्ट बसमध्ये कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझी यांना गुरुदत्त यांनी पडद्यासाठी 'जॉनी वॉकर' हे नाव दिलं. ते घेतलं होतं व्हिस्कीच्या बाटलीवरून. बाटलीवर ते आलं जॉन वॉकर या माणसावरून. या जॉनचं १८२० साली स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावात किराणा दुकान सुरू झालं होतं. आणि त्या दुकानदाराच्या घराण्यात 'वॉकर' कुठून आलं? आणखी काही शतकं मागे गेलं, की हा धागा बहुधा ओलं लोकरी कापड पायांनी तुडवणाऱ्या कुणा कामगारापाशी जाऊन पोचतो.

१९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने त्या बाटलीसाठी ढांगा टाकत निघालेला एक ऐटबाज साहेब काढला. चित्र इतकं गाजलं, की 'वॉकर म्हणजे चालणारा' हे जगाच्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्याही डोक्यात अनेक वर्षं तेच होतं. खरा अर्थ कळला तेव्हा मी थक्क झालो, आणि तेव्हापासून इंग्रजी आडनावं हा माझ्या आवडीचा विषय झाला.

हा लेख या वाटेला नव्याने लागलेल्यांसाठी आहे. कुणाची मुलगी इंग्रज घरात दिली आहे आणि नातवंडं आडनावाचा अर्थ विचारतात, कुणी भाषांतर करतं, कुणाला आपल्या गावातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतली नावं वाचायची आहेत. एकच आडनाव, वॉकर, हातात धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊ. पद्धत हाताला बसली की दुसऱ्या आडनावालाही ती लागू पडते. वॉकर निवडण्याचं कारण असं, की ते इंग्लंडमध्ये अतिशय सामान्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंड आणि वेल्समधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांची सरकारी यादी झाली, तिच्यात ते पहिल्या विसांत होतं. इतकं सामान्य, आणि तरी त्याच्या अर्थाबद्दल भले भले चुकतात.

पहिली पायरी: शब्दाचा आजचा अर्थ बाजूला ठेवा

नवखा माणूस सगळ्यात आधी इथेच घसरतो. आडनाव दिसायला ओळखीच्या शब्दासारखं असलं, की आपण त्या शब्दाचा आजचा अर्थ त्याला चिकटवतो. पण इंग्लंडमधली बहुतेक आडनावं साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात घट्ट होत गेली. तेव्हा तो शब्द लोक कशासाठी वापरत होते, हे विचारायला हवं.

'वॉक' या क्रियापदाचं जुन्या इंग्रजीतलं रूप 'वेआल्कन' असं होतं. त्याचा अर्थ लोळवणं, उलथंपालथं करणं, हेलकावणं. पायी चालणं हा अर्थ त्याला मागाहून, मध्ययुगात चिकटला. त्याच धातूपासून झालेला 'वेआल्केरे' हा शब्द जुन्या इंग्रजीत कापड तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिरासाठी होता. जर्मन भाषेने हा अर्थ आजही सांभाळून ठेवला आहे. तिथे 'वाल्कन' म्हणजे लोकरी कापड मळून, दाबून घट्ट करणं. सख्ख्या भावंडांपैकी एक परगावी गेलं आणि बदललं, दुसरं मूळ घरात राहिलं, तसं हे झालं आहे.

अशी फसवी आडनावं आणखीही पुष्कळ आहेत. 'फार्मर' म्हणजे शेतकरी, असं आपण डोळे मिटून म्हणू. पण मध्ययुगात फार्मर म्हणजे ठरावीक रक्कम भरून कर किंवा महसूल गोळा करण्याचा हक्क घेणारा माणूस, आपल्याकडचा इजारेदार किंवा मक्तेदार. 'बार्कर'चा कुत्र्याच्या भुंकण्याशी काही संबंध नाही. झाडाची साल वापरून कातडी कमावणारा तो बार्कर. काही घराण्यांत हेच आडनाव मेंढपाळासाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दावरूनही आलेलं आहे. 'मार्शल' आज मोठ्या हुद्द्याचा वाटतो, पण मुळात तो घोड्यांची देखभाल करणारा होता.

म्हणून पहिल्या दिवशी वहीत दोन रकाने पाडा. एकात आजचा अर्थ, दुसऱ्यात आडनाव बनलं तेव्हाचा अर्थ. दुसरा रकाना रिकामा असेपर्यंत कुणालाही काही सांगू नका.

दुसरी पायरी: आडनावाचं खातं ओळखा

इंग्रजी आडनावांची ढोबळ चार खाती आहेत, आणि मराठी माणसाला ती समजायला अजिबात जड जात नाहीत.

बापाच्या नावावरून आलेली: जॉन्सन, विल्सन, रिचर्डसन. वेल्समध्ये 'मुलगा' या अर्थी 'अप' लावायचे, तो पुढच्या नावात मिसळून गेला, म्हणून 'अप रिस'चा झाला प्राइस आणि 'अप हवेल'चा पॉवेल. गावावरून किंवा जागेवरून आलेली: हिल, वुड, आणि टन, हॅम, ली, बी असे शेवट असलेली असंख्य ग्रामनामं. तिसरी रंगारूपावरून किंवा स्वभावावरून: ब्राउन, शॉर्ट, आर्मस्ट्राँग. आपल्याकडचे काळे, गोरे, टकले याच पंगतीतले. चौथी धंद्यावरून: स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, कूपर म्हणजे लाकडी पिंपं बनवणारा, क्लार्क म्हणजे लिहिता-वाचता येणारा कारकून किंवा धर्मसेवक. वॉकर या चौथ्या खात्यातला.

मराठी कानाला इथे एक चकवा बसतो. 'वॉकर'च्या शेवटी 'कर' ऐकू येतो आणि आपलं मन लगेच गाव शोधायला लागतं, जसं गावसकर, तेंडुलकर. पण इथला 'अर' हा प्रत्यय 'ते काम करणारा' असं सांगतो. बेकर, टर्नर, मिलर यांच्या शेवटी जो आहे तोच.

धंद्याचं आडनाव कसं बनत असेल, हे पाहायला मध्ययुगात जायची गरज नाही. ब्रिटिश अमलात मुंबईच्या पारशी समाजात इंजिनियर, कॉन्ट्रॅक्टर, डॉक्टर अशी आडनावं तयार झाली. फारुख इंजिनियर आणि नरी कॉन्ट्रॅक्टर हे दोघंही आपण क्रिकेटपटू म्हणून ओळखतो. कुणा पूर्वजाचा धंदा नावापुढे लागला, लागला तो राहिला, आणि नातू पुढे भलतंच काम करू लागला तरी तो सुटला नाही. इंग्लंडमध्ये सहाशे-सातशे वर्षांपूर्वी हेच घडलं. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर आधी जमीनदारांनी वंशपरंपरेची आडनावं धरली, मग हळूहळू ती शहरांतून गावांत, दक्षिणेतून उत्तरेत झिरपली.

तिसरी पायरी: ते काम प्रत्यक्ष कसं चालायचं ते समजून घ्या

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. 'वॉकर म्हणजे कापड तुडवणारा' एवढं वाचलं आणि पुस्तक मिटलं. मला हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते, कारण कामाचे बारकावे कळले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

मागावरून उतरलेलं लोकरी कापड तसंच अंगात घालण्यासारखं नसतं. ते सैल असतं, विरळ असतं, आणि तेलकट असतं, कारण सूत कातण्याआधी लोकरीला तेल किंवा लोणी, चरबी लावलेली असते. ते धुवायचं, आणि धुता धुता घट्ट करायचं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, ऊब आणि दाब मिळाला की ते खवले एकमेकांत अडकतात, कापड आटतं, दाट होतं आणि वारा-पाऊस अडवण्याइतकं भरीव होतं. घरी लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला तर तो पोराच्या मापाचा होऊन निघतो. तीच गोष्ट हे लोक ठरवून, मापात करायचे.

हौदात कापड टाकायचं, पाणी घालायचं, आणि कुंभार माती तुडवतो तसं तासन्‌तास पायांनी तुडवायचं. तेल काढायला पाण्यात दोन गोष्टी घालत. एक म्हणजे साठवून शिळी केलेली लघवी. शिळ्या लघवीत अमोनिया तयार होतो आणि तो चिकट तेल सोडवतो. यात किळस मानण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं, तो कच्चा माल होता आणि घराघरांतून गोळा व्हायचा. प्राचीन रोममध्येही हाच प्रकार होता, तिथे सम्राट व्हेस्पेशियनने लघवीच्या या व्यवहारावर चक्क कर बसवला होता. दुसरी गोष्ट म्हणजे तेल शोषून घेणारी एक मऊ माती. इंग्रजीत तिचं नाव 'फुलर्स अर्थ', म्हणजे 'फुलरची माती', आणि फुलर हा वॉकरचाच दक्षिणेकडचा भाऊ, त्याच्याकडे पुढच्या पायरीत येऊ. ही माती तुमच्या घरातही असेल. आपण तिला मुलतानी माती म्हणतो आणि तोंडाला लावतो. चेहऱ्यावरचं तेल ती ज्या गुणाने ओढून घेते, त्याच गुणाने ती लोकरीतलं तेल ओढायची. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात नटफील्डजवळ आणि बेडफर्डशायरमध्ये वोबर्नजवळ तिच्या खाणी होत्या.

बाराव्या शतकात या कामाला पाणचक्की आली. चाकाच्या जोरावर जड लाकडी हातोडे उचलले जायचे आणि हौदातल्या कापडावर आदळायचे. ११८५ मध्ये इंग्लंडमधल्या टेंपलर धर्मयोद्ध्यांच्या मालमत्तेची मोजदाद झाली, तिच्यात अशा गिरण्यांची नोंद आहे, त्यांतली एक यॉर्कशायरमधली. यातून एक गोष्ट लक्षात घ्यायची: १३०० च्या आसपास ज्या माणसाला 'वॉकर' म्हणत, तो स्वतः हौदात उतरत असेल किंवा गिरणीवर देखरेख करत असेल. नाव मात्र पायांचंच राहिलं. उत्तर इंग्लंडमध्ये तर त्या गिरणीलाही 'वॉक मिल' म्हणू लागले, आणि त्या नावाच्या जागा आजही नकाशावर सापडतात.

तुडवून झालेलं ओलं कापड लाकडी चौकटींवर ताणून वाळवायचं. चौकटीला 'टेंटर' म्हणत, आणि तिच्यावर दोन्ही कडांना आकडे असत, ते 'टेंटरहुक'. मनाची घालमेल सांगताना इंग्रजीत 'टेंटरहुकांवर असणं' असा वाक्प्रचार आहे, आणि आपल्याकडे जीव टांगणीला लागतो. दोन्ही भाषांनी टांगलेल्या वस्तूचाच आधार घ्यावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. चौकटी जिथे उभ्या असत त्या मैदानांची नावं गल्ल्यांना लागली. लंडनमध्ये स्पिटलफील्ड्सच्या बाजूला 'टेंटर ग्राउंड' नावाचा रस्ता आजही आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर हे काम विसाव्या शतकातही हातांनी चालायचं. बायका लांब फळीभोवती बसून ओलं कापड तालात आपटत आणि गेलिक भाषेत गाणी म्हणत. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुपद धरायचं. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथे या कामाला 'वॉकिंग' म्हणतात. लिहिताना स्पेलिंग थोडं वेगळं, पण शब्द वॉकरमधलाच.

चौथी पायरी: नकाशा उघडा

एकच काम, पण इंग्लंडच्या तीन भागांत त्याला तीन शब्द होते, आणि म्हणून तीन आडनावं झाली.

उत्तर इंग्लंड, मिडलंड्स आणि स्कॉटलंडमध्ये वॉकर. आग्नेय आणि पूर्वेकडच्या परगण्यांत, म्हणजे ससेक्स, केंट, सफक, नॉरफक इथे फुलर. हा शब्द लॅटिन 'फुल्लो'वरून आलेला. आणि नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये टकर. हा आला 'छळणं, त्रास देणं' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून. कापडाचा छळ करणारा तो टकर, आणि मध्ययुगीन कामगाराचं हे बोलणं मला फार जिवंत वाटतं. एक्सेटर शहरात विणकर, फुलर आणि कातरकाम करणाऱ्यांच्या संघाची १४७१ मध्ये बांधलेली वास्तू आजही उभी आहे, तिचं नाव 'टकर्स हॉल'. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बर्नजवळ 'टकिंगमिल' नावाचं गावच आहे. वेल्समध्ये अशा गिरणीला 'पँडी' म्हणत, आणि टोनिपँडी या गावाच्या नावात ती लपलेली आहे.

याचा व्यवहारात उपयोग असा. तुमच्या हाती आलेलं घराणं वॉकर असेल आणि ते १८५० मध्ये ससेक्समध्ये सापडत असेल, तर ते कधीतरी उत्तरेकडून खाली आलं असावं, असा अंदाज बांधून पुढचा शोध घेता येतो. अंदाजाला पुरावा समजू नका, पण दिशा मिळते. १८८१ ची जनगणना यासाठी फार उपयोगी आहे. तिची संपूर्ण नावनिशी 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट पाहता येते, आणि त्या जनगणनेवरून काढलेले आडनावांचे नकाशेही इंटरनेटवर आहेत. तेव्हा रेल्वे आलेली होती, लोक हलू लागले होते, तरी आडनावं बऱ्याच अंशी आपापल्या मुलखात होती. फुलर, वॉकर आणि टकर हे तीन नकाशे शेजारी शेजारी ठेवून एकदा पाहाच. सातशे वर्षांपूर्वी कुठे कुठला शब्द बोलला जायचा, ते नकाशावर उमटलेलं दिसतं.

यॉर्कशायरचा पश्चिम भाग तर वॉकरांचं माहेरच म्हणायला हवं. हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड, लीड्स, वेकफील्ड हा सगळा लोकरी कापडाचा मुलूख. डोंगरउतारावरचे ओढे गिरण्यांना पाणी पुरवायचे. हॅलिफॅक्समधला 'पीस हॉल', म्हणजे विणकरांनी कापडाचे ठाण विकायला आणायचा भव्य चौक, १७७९ मध्ये सुरू झाला आणि आजही पाहता येतो.

पाचवी पायरी: अपवाद हुडका

आता उलट्या बाजूने तपासायचं. ज्या वॉकरांचा कापडाशी संबंध नाही असे कोण?

न्यूकॅसल शहराच्या पूर्वेला 'वॉकर' नावाचाच भाग आहे. ते नाव 'भिंत' आणि 'दलदल' या दोन शब्दांतून झालं. भिंत म्हणजे रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत. त्या गावावरून आडनाव घेतलेली घराणी असू शकतात, आणि त्यांच्यापुरता आपल्या मनातला 'कर' खरा ठरतो! आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' अशा अर्थाची गेलिक आडनावं होती, त्यांतली काही इंग्रजी अमलात भाषांतर होऊन वॉकर झाली. अमेरिकेतल्या काही वॉकरांचे पूर्वज जर्मन आहेत. आणि अमेरिकेतली अनेक कृष्णवर्णीय घराणी वॉकर आहेत. गुलामगिरीतून सुटल्यावर कुणी जुन्या मालकाचं आडनाव ठेवलं, कुणी मुद्दाम दुसरं निवडलं. तिथे आडनावाचा मूळ अर्थ त्या घराण्याच्या इतिहासाबद्दल फारसं काही सांगत नाही, आणि तो सांगतो असा आव आणणं त्या माणसांवर अन्याय करणारं आहे. शिवाय आडनाव लग्नानेही येतं. केसांच्या प्रसाधनांचा मोठा व्यवसाय उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर जन्माने सारा ब्रीडलव्ह होत्या.

म्हणजे 'या शब्दाचा अर्थ काय' आणि 'या घराण्याला हे नाव कसं मिळालं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कोशात मिळतं. ऑक्सफर्डने २०१६ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडी कोश काढला, त्यात ४५ हजारांहून अधिक आडनावं आहेत आणि प्रत्येकाखाली जुन्या कागदांतल्या सनवार नोंदी दिल्या आहेत. महाग आहे, विकत घेऊ नका, मोठ्या ग्रंथालयात चौकशी करा. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र कागदांत उतरावं लागतं.

सहावी पायरी: आजपासून मागे चला

नेहमी माहीत असलेल्या माणसापासून मागे जायचं. चौदाव्या शतकातला एखादा वॉकर उचलून त्याला खाली आणून आपल्या घराण्याला जोडायचा मोह होतो, तो आवरा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. स्वयंसेवकांनी उभारलेलं 'फ्रीबीएमडी' हे संकेतस्थळ या नोंदींची सूची फुकट दाखवतं. वॉकरसारख्या सामान्य आडनावात एकाच वर्षी, एकाच शहरात तीन-तीन जॉन वॉकर निघतात, म्हणून सूचीवर थांबू नका, विवाहाचा दाखला मिळवा. त्यावर वधू-वरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहिलेला असतो, आणि तोच धागा तुम्हाला एक पिढी मागे नेतो. जन्माच्या बाबतीत सरकारी निबंधक कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं. तीन जॉनपैकी आपला कोणता, हे त्यावरून ठरतं.

जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी झाली, पण सगळ्यांची नावं जपलेली अशी पहिली १८४१ ची. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची कागदपत्रं १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्या पोकळीत १९३९ ची युद्धकालीन नोंदवही कामी येते.

१८३७ च्या मागे गेलात की चर्चच्या नोंदवह्या. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह, दफन लिहून ठेवायला सुरुवात केली. सगळ्याच वह्या तेव्हापासूनच्या टिकल्या नाहीत, आणि १६४० ते १६६० च्या यादवी काळात बऱ्याच ठिकाणी खंड आहेत. इथे दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे वहीत 'फेब्रुवारी १७२०' दिसलं तर ते आपल्या हिशेबाने १७२१. मुलगा आईबापांच्या लग्नाआधी जन्मला असं वाटलं, तर आधी हा हिशेब तपासा! दुसरं, जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असू शकतात. योहानेस म्हणजे जॉन, याकोबुस म्हणजे जेम्स, आणि 'फुल्लो' लिहिलेला माणूस गावात वॉकर म्हणूनच हाक मारला जात असेल. लिहिणाऱ्याने आडनावाचंही भाषांतर करून टाकलेलं असतं.

स्पेलिंगबद्दल हट्ट सोडा. एकाच वहीत, एकाच घराचं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं आणि कारकुनाने कानाला जसं आलं तसं लिहिलं.

याहून मागे सामान्य माणसाचे कागद विरळ होतात, पण एक खजिना आहे: १३७७, १३७९ आणि १३८१ चा डोईपट्टी कर. १३७९ चा कर माणसाच्या ऐपतीप्रमाणे होता, म्हणून पुष्कळ नावांपुढे धंदाही लिहिलेला आहे, आणि यॉर्कशायरच्या पश्चिम भागाच्या त्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत. अशा यादीत वॉकर नावापुढे कापडाचंच काम लिहिलेलं असेल, तर ते अजून हाकेचं नाव असू शकतं. वॉकर आहे आणि धंदा सुताराचा आहे, तर आडनाव बापाकडून मुलाकडे आलेलं असण्याची शक्यता मोठी. ही एक ओळ वाचताना आडनाव जन्माला येण्याचा क्षण आपण बघत असतो.

भारतातल्या वॉकरांसाठी

तुमचा शोध पुणे, मुंबई, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), देवळाली अशा ठिकाणच्या एखाद्या थडग्यापासून सुरू होत असेल, तर आधी लंडनमधल्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद पाहा. त्यांत बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी वेगवेगळ्या मालिकांत लावलेल्या आहेत. मुंबई इलाख्याची मालिका 'एन-३' या खुणेने ओळखतात. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या 'फिबिस' या संस्थेची शोधसूचीही फुकट वापरता येते. थडग्यावरचा मजकूर उतरवून घेताना सगळा घ्या: पलटणीचं नाव, हुद्दा, वय. सैनिकाचं मूळ गाव शोधायला त्याच्या नावापेक्षा त्याची पलटण जास्त उपयोगी पडते. दगड झिजलेला असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना फोटो काढा. खडूने किंवा रंगाने अक्षरं गिरवू नका, दगड कायमचा खराब होतो.

पैसे कुठे वाया जातात

'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' छापलेले मग, चौकटी, अंगठ्या विकणारे पुष्कळ आहेत. इंग्लंडमध्ये अशी चिन्हं एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलेली असतात, सगळ्या वॉकरांना मिळून नाही. ती देण्याचा आणि तपासण्याचा अधिकार १४८४ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या 'कॉलेज ऑफ आर्म्स'कडे आहे. नातवाला भेट म्हणून मग घ्यायचा तर जरूर घ्या, फक्त तो पुरावा म्हणून वहीत चिकटवू नका.

डीएनए चाचणीबद्दलही आशा बेताची ठेवा. वॉकर हे नाव शेकडो गावांत शेकडो वेगवेगळ्या माणसांना मिळालं, त्यामुळे दोन वॉकरांचं रक्त जुळेलच असं नाही. दुर्मीळ आडनावांचं गणित वेगळं, तिथे एकच मूळ पुरुष निघण्याची शक्यता बरीच जास्त असते.

सरावासाठी

वॉकरचा हौद सोडून त्याच कापडाच्या मागोमाग जा. सूत विणणारे वेब आणि वेबस्टर. 'स्टर' हा शेवट मुळात बायकांच्या कामाला लागायचा, हे लक्षात ठेवून वेबस्टर आणि ब्रूस्टर पुन्हा वाचा. लोकर पिंजणारा डेव्हनमधला टोझर. वाळलेल्या कापडावरची लव कातरणारा शेरमन किंवा शर्मन. कापड रंगवणारा दक्षिणेत डायर आणि उत्तरेत लिस्टर, आपल्याकडचा रंगारी. लिस्टरपासून सुरुवात करा असं मी सुचवेन. १३८१ च्या शेतकरी उठावात नॉरफकच्या बंडखोरांचा पुढारी होता जेफ्री लिट्स्टर, आणि तो धंद्याने खरोखरच रंगारी होता. आता पहिल्या पायरीचे दोन रकाने पाडा, आणि त्याचं नाव कोणत्या बाजूला लिहायचं ते ठरवा.